आई मागून येत होती

सकाळी सातला निघाल्यापासून मुलगा पुढे आणि आई मागे अशा दोन सायकली चालल्या होत्या. अकरा वाजले तरी मुलाला जे सांगायचं होतं, ते सांगून झालं नव्हतं. तीन दिवसांत समुद्र गाठायचा ही टूम त्याचीच. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढायचा. सायकलचा शौक त्याला कधीच नव्हता. पण तीन महिन्यांपासून आपण आणि बायको वेगळे राहतो, हे घरात, शेजारीण चहाला बसलेली असताना आईला सांगणं जमत नव्हतं. मोकळ्या रस्त्यावर जमेल असं वाटलं. ट्रकांच्या रस्त्यावर एकामागे एक चालावं लागतं आणि असली बातमी मान वळवून ओरडता येत नाही, हे निघाल्यावर लक्षात आलं.

आईने तीस वर्षं वाहन परवान्याच्या परीक्षा घेतल्या होत्या. उमेदवाराशेजारी बसायचं, मांडीवर कागद घ्यायचा आणि तोंडात मिठाची गुळणी धरायची. चुकणाऱ्याला मध्येच टोकायचं नाही, हा तिचा नियम. उमेदवार तिला मौनीबाई म्हणत. निवृत्तीनंतर कागद सुटला, गुळणी राहिली.

फाट्याशी मुलगा थबकला. पाटी नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती. त्याने मागे पाहिलं. आई ब्रेक धरून शांत उभी होती. चुकत असतो तर बोलली असती, असं समजून तो डावीकडे वळला. पुढे डांबर संपलं तेव्हा त्याने पुन्हा पाहिलं. आई पाणी पीत होती. म्हणजे बरोबर आहे. मग खडी लागली, मग असा चढ की सायकली ढकलाव्या लागल्या, आणि दोनच्या सुमाराला रस्ता एका दगडखाणीच्या फाटकाशी संपला.

"समुद्र?" राखणदाराने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "इथून पुढे नुसता खड्डा आहे, साहेब. तुमचा फाटा मागे राहिला. सत्तावीस किलोमीटर."

मुलाने सायकल आडवी टाकली. "आई, तुला माहीत होतं?"

"फाट्यालाच."

"मग बोलली का नाहीस?"

"चालवणारा तू होतास. म्हटलं, कळेल तुझं तुला."

"तू नुसती बघत बसतेस. तीन महिने मी एका खोलीत एकटा राहतोय, ती माहेरी आहे, तेही तुला माहीत असेल."

राखणदार फाटकाची कडी तपासायला निघून गेला.

आई एका दगडावर बसली. तिने हेल्मेट काढलं. "ते नव्हतं माहीत," ती म्हणाली. "ती कामात आहे म्हणायचास, मी धरून चालले." तिचा आवाज बारीक झाला होता. "जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"खोटं बोलू नकोस."

मग तो शेजारी बसला आणि सगळं बोलला. त्याला हलकं वाटलं, आणि आईकडे बघवेना.

"आता मी बोलणार," आईने बजावलं, आणि परतीच्या वाटेवर तिने तीस वर्षांची थकबाकी काढली. "खड्डा." "मागून ट्रक आहे." "तिने सोडलं की तू?" "दोघांनी, आई." "गिअर बदल." "तिला मी फोन करू?" "नको." "बरं. चेन वाजतेय तुझी." तो प्रत्येक गोष्टीला उत्तर देत राहिला. इतकी विचारपूस त्याची शाळेतही कुणी केली नव्हती.

पाच वाजता फाटा आला. आईचे डोळे लाल झाले होते, चष्मा धुरकटला होता.

"समुद्र उजवीकडे," ती ठामपणे म्हणाली. "वळ."

उजवीकडून तर ते सकाळी आले होते. तो रस्ता घरी जात होता. मुलाने तोंड उघडलं, मिटलं आणि उजवीकडे वळला.