स्निग्धसत्त्व उपसमिती

बोर्ली पंचतनच्या बाजारापासून थोड्या आतल्या गावात रावजी पाटलांच्या बायकोची हाडं दुखत होती. ही बाब सुरुवातीला कोणी मनावर घेतली नव्हती. ठमाबाईची पंचेचाळिशी उलटली होती. कंबर धरायची, पाटावरून उठताना भिंतीचा आधार लागायचा आणि तिन्हीसांजेला समोर कुत्रं आहे की कोंबडी, हे उमजायचं नाही. "वय झालं," असं घरातले सगळे म्हणत. रावजी तिच्याहून दहा वर्षांनी मोठे होते. पण त्यांचं वय झालेलं नव्हतं.

पूर्वी ठमाबाई चारचौघींसारखी शेतात भात लावायची. मग रावजींकडे पाटीलकी आली आणि पाटलाच्या बायकोनं चिखलात उतरणं शोभेनासं झालं. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात होती. तिथं धूर भरपूर होता, ऊन नव्हतं. दोन म्हशींचं ताक ती घुसळायची, लोणी कढवायची आणि तूप वाढायची. ते खायचंही असतं, हा विषय कधी निघाला नव्हता.

श्रीवर्धनचे एक डॉक्टर बाजाराच्या दिवशी बोर्लीला येत. त्यांनी तिला तपासलं.

"बाई, दूधतूप किती खाता?"

"घरात दोन म्हशी हायत," ठमाबाई म्हणाली.

"म्हशींचं नाही विचारलं. तुमच्या पोटात काय जातं?"

"भात जातो," ती म्हणाली.

डॉक्टर रावजींकडे वळले. "पाळी थांबायच्या वयात बाईची हाडं आधीच हलकी पडू लागतात. त्यात यांना ऊन नाही, तूप नाही. ही जी नवी जीवनसत्त्वं सापडली आहेत, त्यातली काही फक्त स्निग्ध पदार्थांत विरघळतात. एक कमी पडलं की रातांधळेपणा, दुसरं कमी पडलं की हाडं ठिसूळ. दूधतूप द्या, माशाच्या काळजाचं तेल मागवा, रोज उन्हात बसू द्या. पडल्या तर हाड मोडेल, सांभाळा."

उपाय सोपा होता आणि हीच त्यातली अडचण होती. रावजी गावच्या ग्रामसुधारणा मंडळाचे अध्यक्ष होते. एकट्या आपल्याच बायकोला तूप देणं हा पक्षपात ठरला असता. सबब त्यांनी 'प्रौढ स्त्री स्निग्धसत्त्व उपसमिती' नेमली. स्वतः रावजी, चिटणीस म्हणून शिवदास मास्तर आणि तज्ज्ञ म्हणून बाबाजी. बाबाजींच्या दोन बायका वारल्या होत्या, त्यामुळे स्त्रियांच्या आजारांचा त्यांना अनुभव होता.

"एखादी बाई सभासद घ्यावी काय?" मास्तरांनी विचारलं.

"मग बैठकीच्या दिवशी रांधील कोन?" रावजी म्हणाले. सूचना एकमतानं फेटाळण्यात आली.

पहिल्या बैठकीत तूप तपासण्यात आलं. कारण बायकांना अशुद्ध तूप गेलं तर जबाबदारी मंडळावर येणार होती. ठमाबाईनं भात वाढला, त्यावर तूप वाढलं. सभासदांनी ते बारकाईनं तपासलं आणि बरणी रिकामी झाली. नमुना अपुरा पडल्यामुळे निर्णय पुढील बैठकीपर्यंत तहकूब झाला.

मग मुंबईहून आगबोटीनं तेलाच्या बाटल्या आल्या. "बायामान्सांना भलतंसलतं पाजता येत न्हाय," बाबाजी म्हणाले. "आदी आपन बघू." सभासदांनी रोज चमचाभर घेऊन पाहिलं. अपाय काहीच दिसेना. पुढं उपायच दिसू लागला, म्हणून चमच्याच्या जागी वाटी आली. बाबाजींच्या गालांवर तकाकी चढली आणि ते तिसऱ्या लग्नाचं बोलू लागले.

"अवो, त्ये तेल माज्यासाठी आनलं व्हतं ना?" ठमाबाईनं एकदा भीतभीत विचारलं.

"तुज्यासाठीच तर पितोय गो!" रावजी दुखावल्या स्वरात म्हणाले. ठमाबाईलाच उगाच बोलले असं वाटलं.

राहिलं ऊन. "मी बसते की अंगनात," ती म्हणाली. पण पाटलाची बायको अंगणात ऊन खात बसली तर गाव काय म्हणेल? उपसमितीनं परसात झावळ्यांच्या झापांचं कुंपण घातलं. तेव्हा लक्षात आलं, की घरचा गडी सदा नारळ उतरवायला माडावर चढतो तेव्हा त्याला वरून आतलं सगळं दिसेल. सदाला थांबवावं तर नारळाचं नुकसान. म्हणून वर छप्पर घालण्यात आलं आणि सूर्यस्नानगृह सर्व बाजूंनी सुरक्षित झालं.

उद्घाटनाला गाव लोटला. शिवदास मास्तरांनी सूर्यप्रकाशाचं महत्त्व सांगितलं. पहिला मान अध्यक्षांच्या बायकोचा. ठमाबाई आत गेली. आत काळोख, त्यात तिला अंधुकात दिसत नसे. दारातल्या ओंडक्याला पाय अडखळला आणि ती हातावर पडली. कडकन् झालेला आवाज बाहेर ऐकू आला. नारळ फुटला असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांनी मनगट बसवलं, फळ्या बांधल्या. "तूप सुरू केलं होतंत ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय," ठमाबाई म्हणाली. "बाबाजींना मानवलं."

पुढच्या बैठकीत अपघाताचा विचार झाला. छपराखाली ऊन कमी पडतं असं आढळल्यानं आत कंदील टांगण्याचं ठरलं. मग सभासद जेवणाची वाट पाहू लागले. पानं मांडलेली नव्हती. रावजी ठमाबाईला शोधत बाहेर आले.

ती अंगणाच्या मधोमध चटईवर बसली होती, भर उन्हात, रस्त्याकडे तोंड करून. शेजारच्या नीराबाईनं तिला गरम भात आणून दिला होता. मांडीशी तुपाची बरणी. डाव्या हातानं ती सावकाश भात कालवत होती. पाठीवर ऊन पडत होतं आणि तिला शेतातल्या जुन्या दिवसांसारखी गुंगी येत होती.

"जेवान?" रावजींनी विचारलं.

"हात न्हाय."

"आनि तूप?"

"त्ये हाय. खातेय."

"लोकं बघतात गो," ते दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या. त्येंच्या बी घरात बाया हायत."

उपसमिती उपाशी घरी गेली. त्या दिवसापासून ठमाबाई रोज अंगणात बसू लागली, आणि काही दिवसांनी नीराबाईही आपली चटई घेऊन आली. मनगट वाकडं जुळलं, रवीची दोरी पुन्हा ओढता आली नाही. पण पावसाळ्याच्या तोंडाला तिन्हीसांजेची वाट तिला दिसू लागली. मंडळाच्या अहवालात याचं श्रेय उपसमितीच्या अथक परिश्रमांना देण्यात आलं आणि श्रीवर्धनला रावजींच्या गळ्यात हार पडला.

वाचकांना रावजींवर हसावंसं वाटत असेल तर जरूर हसावं. हसून झालं की आपल्या घरात जिनं पान वाढलंय तिला विचारावं, तू काय खाल्लंस? "माझं काय, उरेल ते घेईन," असं उत्तर आलं, तर मंडळाकडे अर्ज करावा. उपसमितीला अनुभवी सभासद नेहमीच हवे असतात.