एका थेंबातल्या सात जणी

गावतळ्यातलं भूत दुपारच्या जेवणाआधी काढून दाखवतो, असं मी चारचौघांत सांगून बसलो होतो. जेवायला पिठलं-भाकरी होती. ती निवून काल तीन आठवडे झाले.

सेहेचाळीस सालचा वैशाख. पळसदरीच्या अलीकडचं आमचं तळं रक्ताचं व्हायला लागलं. सारखं नाही, वेळ पाळून. सकाळी हिरवं, ऊन चढलं की तांबडं, दिवस कलला की पुन्हा हिरवं. घाट चढणाऱ्या गाड्यांनीसुद्धा इतकी वेळ कधी पाळली नव्हती. म्हशी काठापर्यंत यायच्या, पाण्याकडे बघायच्या आणि उलट्या पावलांनी मागे जायच्या. म्हैस उलटी चालते हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

त्यात माझ्या बहिणीचं, सुंदराचं लग्न चार दिवसांवर. आमच्याकडे नवरीच्या हळदीचं पाणी गावतळ्यातूनच आणतात, पाण्यातल्या सात देवींची, आसरांची, ओटी भरून. खालापूरहून व्याह्यांचा, मालोजींचा निरोप आला: "रक्तानं नाहलेली पोर आमच्या उंबऱ्यात नको. सोमवारी येऊन डोळ्यांनी बघतो, मग काय ते." सुंदरा तेव्हापासून फक्त चुलीशी बोलत होती.

मी पुण्याला कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचा पुसायला होतो. सुट्टीला येताना तिथलं सूक्ष्मदर्शक बरोबर आणलं होतं. विचारलं असतं तर साहेबांना नाही म्हणावं लागलं असतं. तो त्रास मी त्यांना दिला नाही.

"बाबा, ते रक्त नाही," मी वडिलांना समजावलं. "पाण्यात डोळ्याला न दिसणारे हिरवे जीव असतात. ऊन कडक झालं की ते तांबडे होतात. छत्री उघडावी तसं."

"आन सांच्याला मिटतात?"

"हो."

बाबांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सोमवारी भर बारा वाजता मालोजी आले. तळं कोंबडं कापल्यासारखं झालेलं. सगळं गाव काठावर, पण कुणाची सावली पाण्यात पडणार नाही अशा बेतानं. मी पालथ्या घंगाळावर यंत्र मांडलं, काचेवर थेंब ठेवला आणि डोळा लावला. शेकडो तांबडे ठिपके वळवळत होते.

"बघा मामा," मी म्हणालो. "यात भूत नाही. नुसते जिवंत जीव आहेत."

हे वाक्य मी बोलायला नको होतं.

मालोजींनी डोक्यावर छत्री उघडली, एक डोळा मिटला आणि वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"हालतंय रं," ते हळूच म्हणाले.

"हालणारच."

"तांबडं जातंय. हिरवं होतंय."

"सावली पडली ना छत्रीची. तेच तर सांगतोय."

"हिरवी लुगडी नेसतायत," मालोजी म्हणाले. "आन परतेकीला एक तांबडा ठिपका. कुकू हाय."

"तो त्यांचा डोळा आहे, मामा. उजेड कळायला."

"मग माझ्याकडंच बघतायत."

आसरांची ओटी भरणाऱ्या म्हाताऱ्या सोनुबाई पुढे सरकल्या. "किती जणी हायेत, मालोजीबाबा?"

मालोजींनी मोजलं. ओठ हलताना दिसत होते.

"सात."

काठावरच्या सगळ्या बायकांनी एकदम पदर डोक्यावर घेतले.

"सात कसे असतील? शेकडो आहेत," म्हणत मी डोळा लावला. सात होते. मी थेंब बदलला, नवा ठेवला. छत्रीखाली बघता बघता तोही हिरवा झाला आणि सातावर आला. बाकीचे उजेडाकडे सरकले असणार, असं मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही नीट ऐकलं नाही.

मालोजींनी वहाणा काढून हात जोडले. "हिरवं नेसून लग्नाला आल्यात. आता लगीन मोडणारा मी कोण? पण ही पेटी हितनं हलायची नाय."

"मामा, ती कॉलेजची आहे."

"ती आसरांची हाय," सोनुबाई म्हणाल्या. "आन तू बोलावल्यास त्यांना, तर वटी बी तूच भरायची. दर सोमवारी."

लग्न झालं. सुंदरा सकाळच्या हिरव्या पाण्यानं नाहली आणि आता खालापूरला सुखात आहे. सूक्ष्मदर्शक तळ्याकाठच्या उंबराखाली आहे, भिंगाला बोटभर कुंकू. साहेबांची दोन पत्रं आली आहेत.

तळं तांबडं का होतं, ते मला पुरतं माहीत आहे. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून तर काल सोमवारी, आसपास कुणी नाही असं बघून मी कुंकू पुसलं, थेंब ठेवला, सावली धरली आणि मोजलं.

सहा होत्या.

सातवी कुठे आहे ते मी मागे वळून बघितलं नाही. नारळ तिथेच ठेवला आणि म्हशीसारखा उलट्या पावलांनी घरापर्यंत आलो.