चारशे नंबरचा वॉटर पेपर

गणिताच्या सरांना दोन गोष्टींची खात्री होती. एक, आकडा कधी खोटं बोलत नाही. दोन, हातानं करायचं कुठलंही काम, वीस मिनिटं डोकं चालवलं की कुणालाही जमतं. या दुसऱ्या खात्रीपायी घरातला मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि शेजाऱ्यांचा टेबलफॅन कामी आले होते, पण सरांच्या आत्मविश्वासाला त्यानं ओरखडाही पडला नव्हता.

ओरखडा होता तो सासऱ्यांच्या गाडीला. सासरे, म्हणजे अप्पा, आठ दिवस थोरल्या मुलीकडे निघाले होते. जाताना त्यांनी आपली निळी गाडी सरांच्या दारात आणून लावली आणि किल्ली सरांच्या हातावर ठेवली. मुलगी अप्पांनी अकरा वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती, किल्ली द्यायला मात्र आजचा दिवस उजाडला.

"जावईबापू, रोज पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवायचं. बाकी काही करायचं नाही," अप्पा म्हणाले. मग ड्रायव्हरच्या दारावरच्या केसाएवढ्या ओरखड्यावरून त्यांनी बोट फिरवलं, एक सुस्कारा सोडला आणि टॅक्सीत बसले.

सरांच्या लक्षात राहिला तो फक्त सुस्कारा.

"अप्पा येईपर्यंत तो ओरखडा नाहीसा करतो," त्यांनी बायकोला सांगितलं. "बघत राहतील."

"त्यांनी इंजिन सुरू ठेवायला सांगितलंय."

"ते तर ठेवतोच."

"तेवढंच सांगितलंय," बायको म्हणाली.

पण सर तोवर चप्पल घालून रंगाच्या दुकानात पोचलेसुद्धा. दुकानदारानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दोन हजार नंबरचा वॉटर पेपर घ्या, पाण्यात चालणारा पॉलिश पेपर. पाणी मारत हलक्या हातानं घासा."

दोन हजार हा आकडा ऐकून सरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. "एवढा मोठा नको हो. नाजूक काम आहे, सासऱ्यांची गाडी आहे. चारशेचा द्या."

दुकानदारानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकांच्या रांगेकडे पाहिलं आणि चारशेचा दिला. वॉटर पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो मऊ, हे सरांच्या गणितात कधी आलंच नव्हतं.

सकाळी बादली, पाण्याचा मग आणि पाट घेऊन सर दारापाशी बसले. सुरुवातीला घासल्यावर पांढरं पाणी ओघळलं. थोड्या वेळानं ते निळं येऊ लागलं. सर खूश झाले. "काय धूळ बसली होती बघ," त्यांनी खिडकीतल्या बायकोला सांगितलं.

"धूळ निळी असते?"

"जुनी असली की होते," सर म्हणाले आणि दुप्पट जोमानं घासू लागले.

ओरखडा गेला, यात वाद नाही. तो जिथं होता ती जागाही गेली. दार पुसल्यावर मधोमध ताटलीएवढा राखाडी डाग उमटला, कडेनं फिकट निळा आणि आत खरबरीत. बायको बाहेर आली, तिनं डाग पाहिला आणि काही न बोलता आत गेली. अकरा वर्षांच्या संसारात सर या न बोलण्याला सगळ्यात जास्त घाबरत.

दुपारी त्यांनी निळ्या रंगाचा स्प्रे आणून मारला. डबीवरचा निळा आणि गाडीचा निळा यांची एकमेकांशी ओळख नव्हती. दारावर आता एक तळं दिसू लागलं, आणि त्याला दोन ओघळही सुटले.

मग मात्र सरांनी गाडी रंगवणाऱ्या पेंटरला घरी बोलावलं. पेंटर अंगानं किरकोळ आणि बोलायला त्याहून किरकोळ होता. त्यानं डागावरून अंगठा फिरवला. "कुणी केलं?"

"शेजाऱ्यानं," सर म्हणाले.

"शेजारी काय करतात?"

"गणित शिकवतात."

पेंटरनं मान हलवली. "हे बघा, पत्र्यावर राखाडी प्रायमर, त्यावर रंग, त्यावर चकाकीचा क्लिअर कोट. क्लिअर घासला की पाणी पांढरं येतं. निळं आलं की हात थांबवायचा. शेजाऱ्यांना निळं दिसलं नाही का?"

"दिसलं," सर म्हणाले. "निळं पाणी बघून तर मी खूश, म्हणजे शेजारी खूश झाले."

"एवढाच गोल रंगवता येणार नाही, डाग उठून दिसेल. रंग कडेला विरवत न्यायचा आणि क्लिअर आख्ख्या दारावर मारायचा. चार दिवस लागतील."

त्याच संध्याकाळी अप्पांचा फोन आला. थोरलीकडे करमत नव्हतं. ते परवा दुपारीच येणार होते. अकरा वर्षांनी हातात आलेली किल्ली सरांना डोळ्यांसमोर परत जाताना दिसली. त्यांनी पेंटरचे पाय तेवढे धरायचे बाकी ठेवले. पेंटर त्याच रात्री गाडी घेऊन गेला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आणून लावली. दार आरशासारखं झालं होतं. सरांनी त्यात स्वतःचा चेहरा पाहिला, तो चेहरा बराच उतरलेला होता.

अप्पा आले आणि बॅग खाली न ठेवताच गाडीकडे गेले. दारापुढे उभे राहिले. दार पाहिलं, बाकीची गाडी पाहिली, पुन्हा दार पाहिलं.

"हे कुणी केलं?"

सरांनी अप्पांची बॅग घ्यायला हात पुढे केला. बायकोला नवऱ्याची दया आली असावी. ती पुढं होऊन म्हणाली, "यांनीच. स्वतः पाट टाकून बसले होते."

अप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नाही. किल्ली तुमच्याकडेच असू द्या."

सरांना भरून आलं. अकरा वर्षांत असा हात पाठीवर पडला नव्हता. खरं सांगून टाकावं असंही त्यांना क्षणभर वाटलं, आणि तो क्षण गेला.

"फक्त," अप्पा म्हणाले, "आता हे एक दार नवं आणि बाकी गाडी म्हातारी दिसते. उरलेली तीन दारं आणि बॉनेट रविवारी करून टाका. मी शेजारी खुर्ची टाकून बसतो, मला शिकायचंय. थोरल्या जावयालाही गाडी घेऊन बोलावतो."

सर कसेबसे म्हणाले, "रविवारी शाळेत जादा तास आहे, अप्पा."

"नाहीये," बायको म्हणाली.