तात्यांचा शिरा आणि सिद्धीचा दमा

कर्जतच्या घाटाला जे नियम लागू आहेत तेच साऱ्या विश्वाला लागू आहेत, असा गायकवाड तात्यांचा सिद्धान्त आहे. विश्व त्यांनी लोणावळ्यापर्यंत पाहिलंय, तेही मागून. घाट चढताना गाडीला पाठीमागून रेटायला जोडतात त्या बँकर इंजिनावर त्यांची सगळी नोकरी गेली.

आता ते भिसेगावात माझे शेजारी आहेत आणि निवृत्तीत माणसांचा लोड बघतात. भर लग्नात वरमाईला "किती डब्यांचा लोड हाय?" असं विचारणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. वरमाईनेही पाहिला नसावा.

पाचवीतली नात सिद्धी शाळा सुटल्यावर, आईबाप कामावरून येईपर्यंत त्यांच्याकडे असते. तिला दमा. ती खोकली की तात्या शिरा करत, कडेने तूप सुटेल असा. "रिकामं इंजिन चढ चढत नाय!" सिद्धी अंगाने भरत गेली, तिच्याबरोबर दमाही.

जिन्यावर तिला धाप लागू लागली, तेव्हा आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तात्यांचं निदान रिक्षातच तयार होतं: अशक्तपणा.

"अशक्तपणा नाही, काका," बाई म्हणाल्या. "वजन वाढलं की दमा जास्त छळतो. छातीवर भार येतो, आतली सूजही वाढते. तोंडाने ओढायचा दम्याचा पंप चालूच ठेवा. उपाशी नको, पण तूप-साखर आवरा आणि तिला रोज चालू द्या."

तात्या खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी लोड मीच वाढवला, म्याडम."

मी थक्क झालो. इतकं सरळ वाक्य मी आजवर एकाही सत्कारमूर्तीच्या तोंडून ऐकलेलं नाही.

परतताना सिद्धी पुढे गेलेली पाहून ते हळूच म्हणाले, "शिरा बंद करतो, रं. पन मग ती माज्याकडं थांबंल कशाला? तुजी काकी गेल्यापास्नं माज्या ताटासमोर तीच बसते."

दुसऱ्या दिवशी ताटात मोड आलेल्या मुगाची उसळ होती.

"आबा, हे काय हाय?"

"शिऱ्याचा भाऊ."

"सावत्र?"

तरी तिने ती संपवली आणि तात्यांना हाताला धरून फिरायला बाहेर काढलं.

याला आता वर्ष होत आलं. दमा गेलेला नाही, पण सिद्धी पंप वेळेवर घेते आणि शाळेचा जिना न थांबता चढते. आईला सुट्टी असली तरी ती तात्यांकडेच जेवते. उसळीसाठी येत नसावी. मी ती खाल्ली आहे.