न झुकणारा रॅक

माणसानं कुठल्याही गोष्टीची फार निवड करू नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. समोर येईल ते घ्यावं आणि गप्प बसावं. (लग्नाच्या वेळी मी हेच केलं आणि मला कधीच पश्चात्ताप झाला नाही. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, कारण तिनं निवड केली होती.)

सगळं सुरू झालं ते मुलीच्या एका वाक्यापासून. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती आणि रुजू व्हायला अजून बराच अवकाश होता. जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एकदा आपण तिघं सायकली घेऊन तळ्यावर जाऊ या. तिघांनी मिळून कधी सायकल चालवलीच नाही आपण."

खरं होतं ते. आमच्या घरात सायकली तीन आहेत, पण त्या तिन्ही एका वेळी कधी रस्त्यावर आल्या नाहीत. दोष माझाच. मी विमा कंपनीत क्लेम तपासायला बसतो. कुणाचं काय पडलं, काय फुटलं, कोण कशाखाली आलं हे दिवसभर वाचून संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाला उघडी खिडकीसुद्धा संशयास्पद वाटते. मुलगी लहान असताना तिला सायकल शिकवायचं काम मीच अंगावर घेतलं होतं. सीट धरून मागं पळायचं आणि मुलाच्या नकळत हळूच सोडून द्यायचं, अशी जगाची पद्धत आहे. मी सोडलंच नाही. ती बिचारी "बाबा, सोड ना" म्हणायची आणि मी "अजून जरा तोल येऊ दे" म्हणत धापा टाकत पळायचो. शेवटी मी ऑफिसात असताना शेजारच्या काकूंनी एका दुपारी तिला शिकवून टाकलं. संध्याकाळी ती एकटी गोल गोल फेऱ्या मारताना दिसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या, पण मनात कुठंतरी खट्टू झालो.

त्यामुळं या वेळी मला मनापासून जायचं होतं. फक्त सायकली नीट, सुरक्षित घेऊन जायचं होतं. घोडं तिथंच अडलं.

आमच्याकडे एक पिकअप आहे. मेहुण्याची नर्सरी आहे, त्यानं मोठी गाडी घेतली आणि ही आमच्या गळ्यात मारली. तिच्या मागच्या, सामान ठेवायच्या हौद्यावर पक्कं झाकण आहे आणि मागं ट्रेलर जोडायची चौकोनी नळी आहे. त्या नळीत सायकलींचा रॅक बसतो, हे मला इंटरनेटवर कळलं आणि मी हरखून गेलो.

"रॅक कशाला?" बायको म्हणाली. "झाकण काढा आणि हौद्यात आडव्या टाका."

मी तिला एकावर एक घासल्या गेलेल्या सायकलींच्या एका क्लेमची हकीकत सांगितली. ती म्हणाली, मग तिथंच भाड्यानं घेऊ, तळ्यावर एक बाई सायकली देते. मी तिला भाड्याच्या सायकलींच्या ब्रेकबद्दल माहिती दिली. ती उठून भांडी आवरायला गेली. (मी याला माझा विजय समजलो. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मला विजय आणि तिचा वैताग यांतला भेद कळत नाही.)

मग मी रॅकच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू केल्या. दुकानदार सज्जन होता. त्यानं पहिल्यांदा फाळक्यावर टाकायची एक जाड गादी दाखवली. फाळका म्हणजे हौद्याचं मागचं खाली पडणारं दार. त्यावर गादी टाकायची आणि सायकलींची पुढची चाकं बाहेर लोंबत ठेवायची. लोंबणारी चाकं ऐकूनच मला घाम फुटला. मग त्यानं दोन लोखंडी हातांवर सायकली टांगायचा रॅक दाखवला. त्याला आडवा दांडा लागतो, आणि बायकोची सायकल बिनदांड्याची. ती वाकडी लटकली असती आणि जिन्यावरून घसरल्यासारखी दिसली असती. तिसरा प्रकार चाकं खाचेत ठेवायचा आणि वरून एका दांडीनं दाबून धरायचा. हा मला पटला.

"यात दोन प्रकार येतात," दुकानदार म्हणाला. "हा झुकणारा घ्या. सायकली चढवलेल्या असताना खटका ओढला की अख्खा रॅक मागं झुकतो आणि तुमचा फाळका उघडता येतो."

"चालत्या गाडीत झुकला तर?"

"नाही झुकत, साहेब."

"जे झुकू शकतं ते झुकतंच," मी म्हणालो. हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी येऊन मी ते पुन्हा म्हणून दाखवलं.

तरीही निर्णय होईना. कधी वेल्डिंगची शंका यायची, कधी रॅक नळीत खुळखुळेल अशी भीती वाटायची. दर आठवड्याला मुलगी विचारायची, "या रविवारी?" आणि मी म्हणायचो, "पुढच्या." पुढं पुढं तर मी दुकानात शिरलो की दुकानदार चहाला निघून जाऊ लागला. मुलीनंही हळूहळू विचारायचं बंद केलं. ते माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा हॉलमध्ये तिच्या बॅगा उघड्या पडल्या होत्या आणि तिच्या बसचं तिकीट सोमवारी पहाटेचं होतं.

मी धावत जाऊन न झुकणारा रॅक घेऊन आलो. दणकट होता. त्याला स्वतःचं कुलूप, सायकली दाबून धरणाऱ्या दांड्यांना कुलूप, सगळी दाबली की लागणारी. किल्ली फक्त काढताना लागायची. किल्ल्या दोन मिळाल्या. दोन्ही किल्ल्या एका जागी ठेवू नयेत, हे मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. म्हणून एक किल्ली पान्यांच्या पेटीत ठेवली. दुसरीसाठी सुरक्षित जागा शोधली, मग त्याहून सुरक्षित, मग आणखी सुरक्षित. शनिवारचा दिवस त्यातच गेला.

रविवार उजाडला. मी सगळं शिस्तीत केलं. आधी हौद्यात जेवणाची पिशवी, पाण्याची बाटली आणि पान्यांची पेटी ठेवली. झाकण बंद केलं. ते फाळका पाडल्याशिवाय उघडत नाही, म्हणजे चोरीची भीती नाही. मग फाळका लावला, नळीत रॅक बसवला, सायकली चढवल्या आणि कुलपं दाबली. खट, खट, खट. तो आवाज ऐकून मला जे समाधान वाटलं ते मला अजून आठवतं, आणि आठवलं की लाज वाटते.

वाटेत मुलगी खूश होती. आईला टेकून जुन्या गोष्टी काढत होती. मी दर वळणावर आरशात बघत होतो. रॅक तसूभर हलला नव्हता.

तळ्यावर पोचलो. छान ऊन पडलं होतं, पाण्याच्या कडेनं वाट गेली होती, लोक सायकली चालवत होते. मुलीनं हात चोळले. मी किल्लीसाठी खिशात हात घातला. मग दुसऱ्या खिशात. मग मला आठवलं.

किल्ली पेटीत. पेटी हौद्यात. हौद्यावर झाकण, झाकणाला फाळका, आणि फाळक्यासमोर तीन सायकली छातीठोकपणे उभ्या. फाळका चार बोटं खाली आला आणि बायकोच्या हँडलला टेकून थांबला. चार बोटांच्या फटीतून जेवणाचा वास मात्र छान येत होता.

"रॅकचे नट खोलू या," मुलगी म्हणाली.

"पाना पेटीत आहे."

"दुसरी किल्ली?"

"ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. रविवारी ऑफिस बंद असतं.

 बायको सरळ भाड्याच्या सायकलींच्या टपरीकडे गेली. तिथली बाई आमच्या गाडीकडे मान वेळावून बघत राहिली. घरच्या तीन सायकली लादून आणून भाड्यानं सायकली मागणारं कुटुंब तिच्या धंद्यात पहिल्यांदाच आलं असावं. तिनं तीन सायकली काढल्या. मी दोनच घ्यायला सांगितल्या.

"तू नाही येत?" मुलीनं विचारलं.

"गाडी अशी उघड्यावर टाकून? या सायकली कुणी नेल्या तर?"

"बाबा, तुला काढता येत नाहीयेत. चोराला कशा येतील?"

तिचं बरोबर होतं. अजूनही आहे. तरी मी म्हणालो, असं म्हणणाऱ्यांचेच क्लेम माझ्या टेबलावर येतात. ती दोन पावलं माझ्याकडे आली. वाटलं, आता हात धरून ओढेल. पण ती "बरं" म्हणाली आणि सायकलीवर बसली. तिनं ओढलं असतं तर मी गेलो असतो. आता हे म्हणायला काय जातं?

मी पहाऱ्याला उभा राहिलो. मुलीच्या सायकलीच्या सीटवर कोपर टेकलं की बरं वाटत होतं, त्या सीटखाली एक छोटी बॅग बांधलेली असते, तिचा हाताला आधार होत होता. जगातला कुठलाही चोर जिथं हात टेकून निघून गेला असता, अशा सायकलींचं मी डोळ्यांत तेल घालून रक्षण करत होतो.

एवढ्यात एक टोपीवाले गृहस्थ आले आणि रॅकभोवती फिरून म्हणाले, "उत्तम दिसतोय. मलाही घ्यायचाय. कोणता घ्यावा?" बस्स. इतक्या आठवड्यांचा अभ्यास वाया जाऊ नये असं मला वाटलं. मी त्यांना गादी सांगितली, टांगणारा सांगितला, झुकणारा का घेऊ नये ते सांगितलं. ते म्हणाले, "मग सायकली असताना फाळका कसा उघडता?" मी विषय वेल्डिंगकडे नेला. तेवढ्यात मागून सायकलीची घंटा वाजल्याचं मी ऐकलं, पण मी दांडी कशी दाबते हे दाखवत होतो. वळून बघितलं तेव्हा दोघी पुढच्या झाडांआड गेल्या होत्या. मुलीचा एक हात वर होता, तेवढा दिसला. टोपीवाले कधी सटकले ते कळलंही नाही.

दोघी परत आल्या तेव्हा गाल लाल झाले होते. पलीकडच्या वळणावर पाण्यातून पक्ष्यांचा थवाच्या थवा उठला म्हणे. मुलगी दोन्ही हात पसरून सांगत होती. बायको मध्ये मध्ये "अगं, आणि तो मागं राहिलेला एक" म्हणून हसत होती. मीही हसलो. मला तो मागं राहिलेला एक कळला नव्हता, पण कसा असेल याची कल्पना करता येत होती.

सोमवारी पहाटे त्याच गाडीतून तिला बसला सोडायला गेलो. हौदा अजून बंदच, त्यामुळं तिच्या बॅगा तिच्या आणि बायकोच्या मांडीवर. दोघी बॅगांमागं दिसेनाशा झाल्या होत्या. मागं तीन सायकली डौलात उभ्या. बस लागली. मी तिची मोठी बॅग धरून दारापर्यंत गेलो, ड्रायव्हरला टायरबद्दल दोन प्रश्न विचारले. बस सुटायला आली तरी बॅगेचा पट्टा माझ्याच हातात होता.

"बाबा, सोड आता," ती म्हणाली.

मी सोडला. या वेळी पहिल्यांदा सांगितल्यावर सोडला. बस गेल्यावर बायकोनं डोळे पुसले आणि मी सायकलींची कुलपं तपासली. काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किल्ली होती, पण ती जुन्या कपाटाची निघाली. शेवटी कुलूपवाला घरी आला. त्यानं रॅक बघितला, माझ्याकडे बघितलं आणि यंत्र लावून ठिणग्या उडवत सगळी कुलपं कापून काढली. पेटी मिळाली. जेवणाच्या पिशवीबद्दल न बोललेलं बरं.

संध्याकाळी बायको मुलीची सायकल पुसायला बसली. म्हणाली, ही अशीच पडून गंजायची, त्यापेक्षा मीच चालवीन. सीटखालची छोटी बॅग तिनं उघडली, झटकली, आणि फरशीवर काहीतरी टणकन पडलं. दुसरी किल्ली. तेव्हा मला सगळं लख्ख आठवलं. शनिवारी ड्रॉवरची जागा बाद करून मी ती घड्याळामागं ठेवली होती, आणि तिथूनही काढून इथं, अगदी हाताशी असावी म्हणून. तळ्यावर सकाळभर माझं कोपर तिच्यावरच टेकलेलं होतं.

"काखेत कळसा..." बायको म्हणाली आणि पुढचं तिनं गिळलं. माझा चेहरा बघून गिळलं असावं. ती बोलली असती तर बरं झालं असतं. मला फार वाईट वाटत होतं. कोपर जरा हललं असतं, तर तो मागं राहिलेला पक्षी मीही पाहिला असता.

रात्री मुलीचा फोन आला. खोली चांगली होती, खिडकी रस्त्यावर होती. (मजला कितवा ते मी विचारलं.) मग मी तिला किल्लीचं सांगून टाकलं.  ती हसायला लागली. हसता हसता तिचा आवाज मध्येच बारीक झाला, आणि ती पुन्हा हसली.

"सुट्टीत येईन तेव्हा जाऊ," ती म्हणाली. "भाड्याच्या तीन. आणि ती किल्ली फेकू नकोस हं, मला हवीय ती. आठवण म्हणून. जपून ठेव."

कुलूप उरलं नाही, पण तिनं सांगितलंय म्हटल्यावर मी ती किल्ली अगदी सुरक्षित जागी ठेवली आहे. कुठे, ते मात्र कृपा करून विचारू नका. परवापासून मीही शोधतोच आहे.