तात्या पर्स शिवतात

आमच्या निरवांगीचे तात्या ओळखीच्या काय, अनोळखी बाईलाही थांबवून विचारतात, "ताई, तुमची पर्स जरा आतनं दावता का?"

पासष्टी ओलांडलेला, टोपी घातलेला माणूस असं विचारतो तेव्हा बायका गोंधळतात. इंदापूरच्या स्टँडवर तर एकीनं आरडाओरडा केला. माणसं जमली. तात्या शांतपणे म्हणाले, "चोरानं कधी इचारून चोरलंय का?" शेवटी त्या बाईंनीच हसत पर्स उघडली. तात्यांनी वाकून आत बघितलं, "चेन आतल्या अंगानं हाय व्हय!" म्हणाले आणि एसटीत चढले.

तात्या आमचे शेजारी. मी बारामतीला कॉलेजला जाते, आमच्या घरातली पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं असा त्यांचा समज आहे. पर्सला अस्तर कसं लावतात, हे मला खरंच माहीत नव्हतं. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग कालिजात शिकिवत्यात तरी काय?"

हा खटाटोप काकूंसाठी, म्हणजे तात्यांच्या बायकोसाठी. काकूंची नजर हळूहळू गेली. आता उजेड-अंधार आणि माणसाचा आकार तेवढा कळतो. तरी बाजाराला त्या एकट्याच जायच्या. मागे एकदा भाजीवाल्यापुढे पिशवीत पैसे सापडेनात. चावी, गोळ्या, मोबाइल सगळं हाताला लागलं, पैसे तेवढे नाहीत. मागची माणसं कुरकुरली. शेवटी त्यांनी पिशवी रस्त्यावरच उलटी केली. त्या दिवसापासून बाजार बंद.

"मी येतो की संगं," तात्या म्हणाले.

"तुमचा हात धरून बाजार करू? त्यापरीस घरी बरी."

मग तात्यांनी सुई धरली. आयुष्यभर त्यांनी फक्त पोती शिवलेली. पहिली पर्स दाभणानं आणि सुतळीनं शिवली. काकूंनी ती चाचपली आणि विचारलं, "ह्यात पैसं ठिवू का कांदं?" दुसऱ्या पर्सचं तोंडच शिवलं गेलं. तात्यांनी ती उसवली. "हुतंय की, न हुयाला काय झालं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बोटांना चिंध्या बांधून ते पुन्हा ओट्यावर बसायचे.

मला राहवेना. मी बारामतीहून छान लाल कापड आणलं. तात्यांनी ते हातात घेतलं, नीट घडी केली आणि मला परत दिलं.

"ग्वाड हाय गं. पर मला जुनंच पायजे."

त्यांनी ट्रंक उपसली आणि एकेका कपड्याला कात्री लावली. तयार झालेली पर्स मी उघडून बघितली. कप्पे चार, चारही वेगवेगळ्या कापडांचे. एकाचा दुसऱ्याला मेळ नाही.

काकूंनी आत हात घातला. बोटं थांबली.

"ही तुमची रेघांची कॉर्डची पँट. घासून घासून माझी बोटं सोलायची." हात पुढे सरकला. "ह्यो मफलर. मेला चार दिवस वाळायचा न्हाय." मग त्या दचकल्याच. "अवो, लग्नातला कोट कापला व्हय? दर दिवाळीला ऊन दावत हुते मी त्याला!"

"मला कुठं परत लगीन करायचंय?"

चौथं त्यांचंच मखमली पोलकं निघालं. काकू सावकाश म्हणाल्या, "पैसं पँटीत. चावी मफलरात. गोळ्या कोटात. मोबाइल माझ्या पोलक्यात."

तात्या माझ्याकडे वळले. "समदी कापडं तिच्या हाताखालनं गेल्यात. तुझं नवं कापड तिला काय सांगणार?"

पुढच्या बाजाराला काकू निघाल्या. "मागं मागं येऊ नका," अशी तात्यांना ताकीद होती. ते माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आले, पण बरंच अंतर ठेवून. गाडी आली. काकूंनी दांडा चाचपला, चढल्या, कंडक्टरनं दारातच तिकीट विचारल्याबरोबर पर्समध्ये हात घातला आणि नोट काढली. गाडी गेली.

मी म्हणाले, "तात्या, झालं की! चला घरी."

"तू हो म्होरं."

"काकू आता संध्याकाळच्या गाडीनं येणार."

"ठावं हाय की," तात्या म्हणाले, आणि खांद्यावरचा टॉवेल अंथरून फाट्याच्या कट्ट्यावर बसले.