कोब्यावरचे हट्टी डाग

गवंडी बुधवारी येतो म्हणाला आणि पाहुणी तर मंगळवारीच येणार होती, म्हणून डाग आपणच काढावेत असं मी ठरवलं. एवढीच माझी चूक.

मिलच्या घडी खात्यात कापडावरचे डाग हुडकण्यात माझी तीस वर्षं गेली. रिटायर झाल्यावर सोलापुरातच दोन खोल्या बांधल्या आणि पुढच्या खोलीत शिमिटाचा कोबा केला. गल्लीतला पहिलाच. आमची फुलाबाई त्यावर पाय ठेवण्याआधी पाय पुसायची. (मला दोनदा पुसायला लावायची.) जन्मभर तिनं शेणानं जमीन सारवलेली. आता हा कोबा थोरल्या बहिणीला, तानाबाईला, दाखवायचा म्हणून ती स्वतःच तिला आणायला मंगळवेढ्याला निघाली.

मोटार सुटायची वेळ विचारून मी घरी आलो, तर ती दारात घाईघाईनं हात धूत होती.

"अवो, कोब्यावर नुसतं पाणी मारा. दुसरं काय बी करू नगा."

"व्हय."

"नुसतं व्हय न्हवं. माज्याकडं बगून सांगा."

मी तिच्याकडे बघून सांगितलं.

ती गेली, मी पाणी मारलं, आणि ओल्या कोब्यावर चुन्याचे पांढरे डाग उठून दिसू लागले. भिंतींचा गिलावा करताना गवंडी महादेवप्पानं चुना सांडला होता. माझा तीस वर्षांचा डोळा गप्प बसेना.

आधी विटेनं घासलं. डाग होता तिथेच राहिला, कोबा तेवढा लाल झाला. मग आठवलं, तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखतो. पावशेर चिंच भिजवून थापली. चुना जरा फसफसला, मला धीर आला. तासाभरात गल्लीतल्या झाडून सगळ्या मुंग्या कोबा बघायला आल्या.

शेवटी महादेवप्पानं ठेवलेली छिन्नी आणि हातोडी उचलली. बारीकसारीक डाग निघाले. पण उंबऱ्यापासून देवापर्यंतचे सहा डाग भलतेच हट्टी. आणि गवंड्याची सांडायची तऱ्हा तरी काय! प्रत्येक ठिकाणी एक लांबट गोळा आणि त्याच्या टोकाला पाच थेंब. "असं मोजून कुणी सांडतं का?" मी मुंग्यांना विचारलं. दीड दिवस ठोकत होतो. डाग गेले. त्यांच्या जागी थोडे खड्डे पडले, पण खड्डे स्वच्छ होते.

मंगळवारी दोघी आल्या.

"अक्का, डोळं मीट," दारातच फुलाबाई म्हणाली. "उजवा पाय आत टाक. हां, आता खाली बग."

तानाबाईनं बघितलं. "खड्डं हायत की गं!"

फुलाबाईचा चेहरा उतरला. "अवो, माजी लक्षुमीची पावलं कुटं हायत?"

"कसली पावलं? इथं चुना सांडला होता."

"सांडला न्हवता! माज्या मुठीनं उमटवली व्हती मी. पक्की ऱ्हावी म्हणून चुन्यात शिमिट कालवून." ती उंबऱ्यावर बसली. "सणाला पावलं काडायची अन् सारवताना आपल्याच हातानं पुसायची. चाळीस वर्सं झाली. म्हटलं, एकडाव तरी ऱ्हातील."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी कोपऱ्यातला चुना घेतला, शिमिट कालवलं आणि खाली बसून खड्डे भरू लागलो. फुलाबाईनं पदर खोचला.

"सरका तिकडं. बोटं हायत का वांगी?"

तिनं बोटं काढली. पण माझ्या छिन्नीनं पावलं फारच ऐसपैस झाली होती. तानाबाईनं आपला पाय पावलावर धरून बघितला, जागा उरली. फुलाबाईनं धरला, तरी उरली.

"पाव्हणं, तुमी धरा बरं," तानाबाई मला म्हणाली.

मी धरला. टाचेपासून अंगठ्यापर्यंत बरोब्बर! तेवढ्यात तोल गेला आणि पाय ओल्या चुन्यात बसला.

"फुले, लक्षुमी न्हाय गं आली," तानाबाई पदर तोंडात धरून म्हणाली, "पाव्हणंच आल्यात!"

मी लाजून मागे सरलो, तशी कोऱ्या कोब्यावर दारापर्यंत माझी चार पांढरी पावलं उमटली.

फुलाबाई हसली. हसत हसतच म्हणाली, "दाराशी पोचलाच हायसा, तर आता भाइर ओट्यावरच बसा."

मी बसलो. थोड्या वेळानं तिनं ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. ज्वारीची गरम भाकरी, आणि तीवर लिंबाएवढा लोण्याचा गोळा! माझे डोळे भरून आले. म्हटलं, गेला बाईचा राग.

मी भाकरी मोडणार तोच आतून हाक आली.

"अवो, थांबा! ताटं बदलली. लोण्याचं ताट अक्काचं हाय."